बेदाण्याच्या शेडातली बोट

पाहुणी आली की तिनं पाहुणीसारखं राहावं. ओसरीवर टेकावं, बशीत ओतून चहा प्यावा, लेकीच्या सासूच्या घराचं चार शब्द कौतुक करावं आणि उन्हं कलली की आपल्या गावची एसटी धरावी. विहिणीची रीत ती एवढीच. पण हरणाबाईला रीत शिकवायला कोण जाणार? ती आली ती ओसरीला पाय न लावता सरळ शेडात गेली, लुगड्याचा ओचा खोचून शिडी चढली, बोटीत उतरली आणि जेवायची वेळ झाली तरी बाहेर आली नाही. इकडे बनुबाईनं टाकलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली. शेवटी तिनं तो शेडावरच्या गुंडाला दिला आणि म्हणाली, "पी बाबा. माझी इन आलीया, पर माझ्याकडं न्हाई आली. बोटीकडं आलीया."

गुंडानं चहा प्याला. तो बोलत फार नसे, आणि त्या मळ्यात टिकण्याचं तेच एक कारण होतं.

मळा तासगावच्या अंगाला. बाग बनुबाईची, शेड बनुबाईचं, शेडातल्या जाळ्यांवर वाळणारा बेदाणाही तिचाच. नवरा गेल्यावर भावकीनं बांध सरकवून बघितला होता. तिनं भर पंचायतीत एकेकाची अशी उतरवली की दुसऱ्या दिवशी बांध आपल्या पायांनी चालत जागेवर गेला, असं लोक अजून सांगतात. शाळेची पायरी तिनं दुसरीतच सोडली होती. जिभेला मात्र कुठल्या शाळेची गरज पडली नव्हती.

तिचा एकुलता एक शिवतेज नौदलात सुतारकामावर होता. नोकरी संपवून आला तो एकटा आला नाही. पाठोपाठ लांबलचक ट्रेलरवरून एक म्हातारी मोटारबोट आली. मुंबईच्या खाडीत कुठंतरी चिखलात रुतून बसलेली. एके काळी कुणा शेटजीनं समुद्रावरची हवा खायला ती हौसेनं बांधून घेतली होती. आत झोपायला ओटे, चार माणसांचं स्वयंपाकघर, भिंतीतली कपाटं, गोल खिडक्यांना पितळी कडी, आणि बोट कितीही डुलली तरी सरळ लोंबणारे पितळी दिवे. शिवतेजनं ती भंगाराच्या भावात उचलली. आतून ती पहिल्यासारखी करायची आणि साताऱ्यामागं बामणोलीला कोयनेच्या पाण्यात सोडायची, असा त्याचा बेत. एवढ्या लांबीचं छप्पर म्हणजे बेदाण्याचं शेड. म्हणून एका बाजूच्या जाळ्या उतरवल्या आणि बोट आत उभी राहिली.

माणसं बघायला लोटली. "बनुअक्का, तासगावाला समुद्र कवा आला गं?" एकानं विचारलं.

"समुद्र न्हाई आला," बनुबाई म्हणाली, "पर तुज्यासारकी रिकामी मासळी लय आली."

बोलायला ती बोलली, पण आतून तिला ती बोट पहिल्या दिवसापासून सलत होती. शिवतेज दिवसदिवस तिच्या पोटात पालथा पडून काचेच्या तुकड्यानं जुना रंग खरवडायचा. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तपकिरी आणि मग एकदम लालसर सागवान उघडं पडायचं. त्यावर जवसाचं तेल चोळताना त्याचा हात असा फिरायचा, की तसा तो बनुबाईच्या ठणकणाऱ्या गुडघ्यावरून कधी फिरला नव्हता. तासगावच्या कोरड्या वाऱ्यानं फळ्या आकसतील, सांधे उघडतील, म्हणून बाहेरून ओली पोती. ती वाळली का बघायला तो जेवता जेवता उठून जायचा. आई दोन दिवस खोकत होती, तेव्हा उठला नव्हता.

तरी बोट ती बोट. तिला तोंड नव्हतं. तिच्याशी भांडता येत नव्हतं, आणि ती कुणाला गोड बोलून जिंकतही नव्हती. हरणाबाईचं तसं नव्हतं.

हरणाबाई वडूजकडच्या माळावरची. तिच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन मुलूख तुडवलेली. आता थोडी शेती, थोडी मेंढरं. तिची माया नर्स होऊन सांगलीच्या एका दवाखान्यात लागली. सुट्टीवर आलेला शिवतेज ताप घेऊन तिथं गेला आणि ताप उतरवून, लग्न ठरवून परत आला. बनुबाईनं पुष्कळ दिवस तोंड फिरवलं, मग एक दिवस लेकाचा पडलेला चेहरा बघून "आण बाबा" म्हणाली. माया चांगली निघाली, हे तिनं मनात कबूल केलं होतं. पण सुनेबरोबर सुनेची आईही येते, हे तिनं धरलंच नव्हतं.

झालं असं, की ओट्यांवर काय घालायचं हे शिवतेजला सुचेना. रबराच्या गाद्या त्याला नको होत्या. पाण्यावरची हवा दमट; कापूस भिजला की कुजणार. माया म्हणाली, "आमच्या आईकडची घोंगडी बघा की. लोकर भिजली तरी ऊब सोडत न्हाई." झालं. पुढच्याच आठवड्यात हरणाबाई काळ्या घोंगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन हजर, आणि ओटे सजेस्तोवर मुक्कामालाच.

बोटीचा ओटा पुढं निमुळता होत गेलेला, घोंगडं चौकोनी. शिवतेजनं कात्री काढली तर ती म्हणाली, "न्हाई जावईबापू, नव्या घोंगड्याला कात्री लावत नसतो आमी." आणि तिनं कोपरे आत दुमडून, दाभणानं आतल्या अंगानं टाके घालून, चौकोनाचं नाक करून दाखवलं. बनुबाई शेडाच्या दारात बेदाणा निवडत बसली होती. गोल खिडकीतून लेकाचं हसू ऐकू आलं. "मामी, ही घडी कशी घातली? परत एकदा दावा की."

परत एकदा दावा की! बनुबाईच्या बोटांतला बेदाणा चेंदला. आयुष्यभर तिनं त्याला पुरणाचं ताट वाढलं, पाठीवर बसवून बाग दाखवली. 'आई, परत एकदा' असं तो कधी म्हणाला होता?

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप सांगलीला गेली. बाजारपेठेत उभं आडवं फिरून तिनं मखमल घेतली. डाळिंबी रंगाची, हात फिरवला की सावली पडणारी, वर सोनेरी झालर. दुकानदार म्हणाला, लग्नातल्या खुर्च्यांना हीच चालते. संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर ती शेडात उलगडली. गुंडासुद्धा बघत राहिला.

शिवतेजनं कापड हातात घेतलं, चुरगाळून सोडलं, आणि मान हलवली. "आई, भारी हाय गं. पर पाण्यावर मखमलीला बुरशी धरती. म्हैन्याभरात वास मारंल."

एवढं तरी गिळता आलं असतं. पण शिडीवरून हरणाबाई खाली वाकली, मखमलीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाली, "लय देखणं कापड हाय, इनबाई. वाया घालवू नगा. घरात दिवाणाला घाला."

मायेनं म्हणाली, हेच तर. टोमणा असता तर बनुबाईनं त्याला दुप्पट उत्तर दिलं असतं. त्या बोलण्यात कुठं धरायला काटाच नव्हता. तिनं मखमल घडी करून ट्रंकेत टाकली. त्या दिवसापासून गावातल्या बायका बोट बघायला आल्या की हरणाबाईच्या हाताचे गोडवे गायच्या आणि बनुबाई म्हणायची, "व्हय बाई, मेंढरामागं हिंडून हिंडून हात वळलेत तिचं." बायका हसायच्या. हरणाबाईही हसायची. तेवढ्यानं बनुबाईचा जाळ आणखी वाढायचा.

एप्रिल लागला. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी मागं मागं सरकतं. काठ लांब गेला की बोट उतरवायची सोय राहत नाही, मग पावसाळा होईस्तोवर थांबा. म्हणून ट्रेलर ठरला होता, तोवर उरकायचंच होतं. आता फक्त पितळेवर शेवटचं वॉर्निश द्यायचं राहिलं होतं. खिडक्यांची कडी, दिवे, कड्याकोयंडे, शिवतेजनं घासून घासून असे केले होते की शेडात उन्हाची तिरीप शिरली की आतून बोट पेटल्यासारखी दिसायची. तो आणि माया बामणोलीला काठ बघायला निघाले. जाताना गुंडाला सांगून गेले, "बोट बाहेर निघूस्तवर शेडात धुरी द्यायची न्हाई. कोण म्हणालं तरी न्हाई."

बेदाणा वाळून तयार झाला की शेड प्लास्टिकच्या कागदानं बंद करून आत गंधक पेटवतात. त्या धुरीनं बेदाणा पिवळाधमक होतो, भाव चढतो. दरवर्षीचंच काम. पण बनुबाईच्या डोक्यात त्या दुपारी बेदाणा नव्हता. तिच्या डोक्यात लोकर होती. गंधकाचा वास! कपड्याला लागला तर चार धुण्यांत निघत नाही. लोकरीत मुरला तर मुरलाच. मग म्हणा, मामी, परत एकदा दावा की.

"गुंडा, कागद सोड. गंधक काढ."

"दादा न्हाई म्हणाल्यात, अक्का."

"शेड कुणाचं?"

"तुमचं."

"मंग?"

गुंडानं कागद सोडले. निम्मे सोडून झाले असतील-नसतील, हरणाबाई विसरलेलं दाभण न्यायला आली. तिनं बनुबाईकडे बघितलं, गंधकाच्या पाटीकडे बघितलं. "धुरी व्हय?" म्हणाली. बनुबाई म्हणाली, "माझा बेदाणा हाय. धुरी बी माझीच." हरणाबाईनं मान हलवली आणि दाभण न घेताच परत गेली.

सकाळी शिवतेज परतला. कागद वर केले, वाऱ्यानं धूर निघून गेला, आणि तो शिडी चढला.  बनुबाई दारात उभी राहून 'मामी, घोंगड्याला वास मारतोय' हे ऐकायची वाट बघत होती. तो बाहेर आला. हातात एक दिवा होता. काल आरशासारखा होता तो आज तव्याच्या बुडासारखा काळा.

ओली पोती आणि गंधकाचा धूर. बोटीतल्या एकूण एक पितळेवर काळं चढलं होतं. लोकरीला म्हणाल तर, मायानं घोंगडी उन्हात झटकली आणि त्यांचा वास दुपारपर्यंत उडून जाणार होता.

बनुबाईनं पदराच्या टोकानं तो दिवा पुसून बघितला; काळं तसंच राहिलं. तिला पितळेचं असं करायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

"कुणी दिली धुरी?" शिवतेजचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला परवडला असता.

गुंडा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बनुबाईनं तोंड उघडलं. बेदाणा काय काळा विकायचा होता का, असं काहीतरी ती फटकन म्हणणार, एवढ्यात मागून हरणाबाई म्हणाली,

"माज्यामुळं झालं, जावईबापू. लोकरीला कसर लागंल म्हणून मीच गुंडाच्या मागं लागले. मला काय ठावं, पितळंला असं हुतंय ते."

शिवतेजनं डोळे मिटले. उघडले. "मामी," तो म्हणाला, "तुमी घरात बसा. आता बोटीत काय बी करू नगा." मग मायाला, तिकडे न बघता, "तुज्या आईला सकाळी वडूजला सोडून येतो." आणि शेडातून बाहेर पडता पडता थांबून, "आई, तुजी मखमल कुठाय? तीच घालू. कसली का असंना."

घ्या. मागितलं ते पदरात पडलं. बोट तिची झाली, विहीण गावी निघाली, लेकानं आपल्या तोंडानं मखमल मागितली. बनुबाई ट्रंक उघडून मखमल मांडीवर घेऊन बसली आणि तिला ती नुसती जड लागत राहिली.

दुपारी ती शेडात गेली तर गुंडा जाळ्या झाडत होता. आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "लय मोठ्या मनाची बाई."

"कोण रं?"

गुंडानं झाडणं थांबवलं नाही.

ते तिला चटणीसारखं झोंबलं. म्हणजे आता मोठं मनही तिचंच! लेकाचं हसू तिनं नेलं, बायकांचं कौतुक तिनं नेलं, आणि आता ज्या एका माणसाला खरं ठाऊक होतं, त्याच्या डोळ्यांतही बनुबाई खाली आणि ती वर. तिच्या उपकारावर मिळालेली मखमलीची गादी! त्यापेक्षा लेकानं चार शब्द तोडून बोललेले बरे.

हरणाबाई सोप्यात गाठोडं बांधत होती. चेहऱ्यावर दुखावल्याची रेघ नाही. बनुबाई तिच्यासमोर उभी राहिली.

"का केलंसा असं?"

"काय केलं?"

"सोंग करू नगा. कुणी सांगितलं हुतं मदी पडाय?"

हरणाबाईनं गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली. "इनबाई, लेकाचा आईवरला राग लय दिस राहतोय. आत मुरतोय. जावयाचा सासूवरला काय, पुढच्या सणाला पुरणपोळी वाढली की निवला. मी चार दिसांची पावणी. तुमाला त्येच्यासंगट जलम काढायचा हाय."

"माज्या लेकाचं मला शिकवू नगा."

"न्हाई शिकवत," ती म्हणाली आणि हसली. हसली!

बनुबाई त्या दिवशी जेवली नाही. शिवतेजनं विचारलंही नाही. तो पितळेच्या एका कड्यावर फडकं घासत बसला होता, आणि त्याचा सगळा राग, लाल, खरा, आईच्या हक्काचा राग, दुसऱ्याच बाईच्या नावावर जमा झालेला होता. लेक तिच्याशी नेहमीसारखाच बोलत होता. नेहमीसारखाच! लहानपणी तो तिच्यावर रागावला की घोंगावत यायचा, पदर ओढायचा, भांडायचा आणि मग तिच्याच मांडीत झोपायचा. त्याचं रागावणं म्हणजे तिच्याकडे येणं होतं. ते आता कुणाकडं गेलं होतं?

सकाळी जीप अंगणात लागली. माया तोंड न वर करता शेडाच्या दारात मखमल अंथरून मापं घेत होती. तिच्या हातात कात्री होती आणि डोळे सुजलेले होते. शिवतेजनं सासूचं गाठोडं उचललं, मुकाट्यानं मागच्या सीटवर ठेवलं. हरणाबाई पायरी उतरून बनुबाईला म्हणाली, "येते, इनबाई. भाकरी झ्याक हुती तुमची."

"थांबा."

बनुबाईचा आवाज असा निघाला की शेजारच्या बांधावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. ती अंगणाच्या मधोमध आली. गुंडानं झाडू खाली टेकवला. मायाची कात्री थांबली.

"शिवतेज, धुरी मी दिली. गुंडाला मी सांगितलं. गुंडा न्हाई म्हणत हुता."

शिवतेज जीपच्या दाराला धरून उभा राहिला. "बेदाण्यासाठी?"

"न्हाई. लोकरीला वास लागावा म्हणून. पितळंचं मला ठावं न्हवतं."

त्याच्या कपाळावरची शीर फुगली. "आई, तुला काय म्हणू मी? चार म्हैनं घासलंय ते. एवढी गं कसली जळजळ तुजी? काठ उद्या मागं गेला तर ती बोट हितंच सडंल!" तो ओरडत होता. तिच्यावर ओरडत होता. तिच्या डोळ्यांत डोळे घालून, तिच्याकडे दोन पावलं येऊन. बनुबाईनं ते सगळं ताठ मानेनं अंगावर घेतलं आणि कालपासून अडकलेला श्वास सोडला.

मग ती हरणाबाईकडे वळली.

"आता तुमी ऐका, इनबाई. तुमची घोंगडी बोटीत जात्याल, ती तुमच्या हातची हायत, त्याला माजी ना न्हाई. मखमल दिवाणाला घालीन. पितळ माज्या धुरीनं काळं झालंय, ते चिंचेनं घासून मीच लखलखीत करीन. तुमी हात लावलासा तर याद राखा. पर लेकाला माज्या म्यां नऊ म्हैनं पोटात वागवलाय. त्येचं हसणं तुमी नेलंसा, ते सोसलं. त्येचा राग माज्यावर यायचा हुता, तो मदल्यामदी झेलून तुमी मोठ्या मनाच्या ठरलासा, ते न्हाई सोसायची मी. लोक दागिनं चोरत्यात, रानातली कणसं चोरत्यात. तुमी माजी चूक चोरलीसा. चोर हायसा तुमी, हरणाबाई, हसत हसत चोरी करणाऱ्या. आणि चोराला ह्या घरातनं मी अशी सुखासुखी जाऊ देत न्हाई. उतरवा ते गाठोडं!"